अण्णांचा फोन काय सांगतो?

प्रश्न : माझे सासरे अण्णा ७२ वर्षांचे. सगळी नोकरी यंत्रमागावर जॉबर म्हणून केली. मागच्या वर्षी सौम्य डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असल्याचं निदान झालं. पुण्याचे दीर म्हणतात, फोनच्या वापरावरून आजार किती वाढला ते कळतं, अण्णांच्या फोनमध्ये तसं ॲप टाकून देऊ. टाकू द्यावं का?
— एक सून, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : ताई, दीर म्हणतात त्यात तथ्य आहे. टाइप करण्याचा वेग, खोडाखोड, न उचललेले कॉल, रात्री-अपरात्री फोन उघडणं, घरापासून किती लांब जाणं होतं, यावरून आजाराचा अंदाज घेण्याचं संशोधन चालू आहे. पण टप्पा ठरवताना डॉक्टर अजून माणसाशी आणि घरच्यांशीच बोलतात. सीडीआर (क्लिनिकल डिमेन्शिया रेटिंग) नावाच्या मोजपट्टीत ० (आजार नाही) ते ३ (तीव्र) असे टप्पे असतात. स्मरणशक्ती, काळ-वेळेचं भान, व्यवहार, स्वतःची आंघोळ-कपडे हे सगळं त्यात बघतात.

मी स्वतः परिचारिका होते, तरी आईचा हाच आजार माझ्या लक्षात आला नाही. ती रोज पहाटे घरच्या ग्रुपवर सिद्धेश्वराचा फोटो टाकायची आणि खाली स्वतः ‘सुप्रभात’ लिहायची. एका गड्ड्याच्या जत्रेनंतर तोच फोटो तीन-तीनदा यायला लागला. मग लिहिणं थांबलं, नुसता आवाज यायचा, “अगं, ते आणायचं होतं... ते...” आम्ही म्हणायचो, नवा फोन आहे, जमत नसेल. पुढे डॉक्टरांनी “हे कधीपासून?” विचारलं, तेव्हा मी ते चॅट मागे मागे सरकवत गेले. दीड वर्षाच्या तारखा तिथं होत्या. ते अजून मनाला लागतं.

म्हणून ॲपआधी एक वही करा. तेच विचारायला अण्णांचा तासात कितीदा फोन आला, यूपीआयचा पिन कधी चुकला, दूधवाल्याला दोनदा पैसे गेले का, हे तारखेसह लिहा. (खात्यात थोडेच पैसे ठेवा, हेही आत्ताच करा.) तुलना मागच्या महिन्यातल्या अण्णांशीच करायची, शेजारच्या आजोबांशी नाही.

फोन उचलत नाहीत म्हणून लगेच घाबरू नका. जन्मभर मागाच्या खडखडाटात काढलेल्या माणसाचे कान आधी तपासून घ्या, मग मोतीबिंदू. बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर डॉक्टरांना विचारा. पण दोन-चार दिवसांतच एकदम बिघडलं, असंबद्ध बोलायला लागले, तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. जंतुसंसर्ग, पडून डोक्याला बसलेला मार किंवा पक्षाघात, काहीही असू शकतं.

आणि ॲप टाकायचंच असेल तर अण्णांना विचारून. सौम्य टप्प्यात त्यांना नीट समजावलं तर कळतं, हो-नाही सांगता येतं. त्यांच्या नकळत त्यांचा फोन कुणी वाचू नये, मुलानंही नाही.

दिरांना मात्र एक काम द्या. दर रविवारी त्यांनीच अण्णांना फोन करावा, मागावरच्या दिवसांबद्दल विचारावं आणि कुठल्या शब्दाला अण्णा अडले ते तुम्हाला कळवावं. वहीत तेही लिहा.