अनुदान मागण्याआधी कपाटातले कागद काढा

वाचनालये, इतिहास मंडळे आणि भाषा-लोकसंस्कृतीवर काम करणाऱ्या छोट्या संस्थांकडून आलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : ठाण्यातील नौपाड्यात आमचे स्थानिक इतिहासाचे मंडळ आहे. जुनी नियतकालिके, स्मरणिका आणि हस्तलिखिते मिळून सुमारे वीस हजार पाने आमच्याकडे आहेत. क्षमताबांधणीच्या अनुदानासाठी व्याख्यानमाला आणि प्रदर्शनाचा प्रस्ताव दिला, तो परत आला. मग मागायचे काय?

व्याख्यानमाला हा कार्यक्रम आहे, आणि मांडव उतरला की त्याचा खर्च संपतो. क्षमताबांधणीसाठी पैसे देणारा वेगळे पाहतो : शेवटचा हप्ता मिळाल्यानंतर संस्थेला असे काय करता येईल, जे आज येत नाही? तुमच्याकडे याचे उत्तर तयार आहे. संग्रहाची सूची, डिजिटल प्रती आणि ते काम जाणणारी तीन-चार माणसे.

बहुतेक प्रस्ताव स्कॅनरपासून सुरू होतात. आधी सूची हवी. सूचीशिवाय केलेले स्कॅन म्हणजे नुसत्या क्रमांकांच्या फायली, दोन वर्षांनी त्या कोणालाच उघडाव्याशा वाटत नाहीत. पुस्तकांसाठी कोहा हे मुक्त सॉफ्टवेअर किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ई-ग्रंथालय वापरता येते. सुट्या कागदपत्रांना शीर्षक, काळ, लेखक, पाने, अवस्था, दाता आणि कपाट-खण एवढ्या रकान्यांचा तक्ता पुरतो. नोंदी युनिकोडमध्येच करा. जुन्या फाँटमध्ये टंकलेली सूची संगणकाला शोधता येत नाही आणि सगळे काम पुन्हा करावे लागते.

छापील मजकूर ३०० डीपीआयला (डीपीआय म्हणजे दर इंचातले ठिपके) आणि हस्तलिखिते व छायाचित्रे ४०० ते ६०० डीपीआयला स्कॅन करावीत. ए-४ आकाराचे रंगीत पान ३०० डीपीआयला, फाइल न आवळता (अनकॉम्प्रेस्ड) साठवले तर सुमारे २६ एमबी होते. म्हणजे वीस हजार पानांना निदान ५२० जीबी लागतील, हस्तलिखितांमुळे त्याहून जास्तच. तीन प्रती ठेवा आणि त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत असू द्या. बांधीव खंडांसाठी वरून टिपणारा स्कॅनर घ्या, कारण काचेवर उपडा दाबला की जुन्या खंडाचा कणा तुटतो. ठिसूळ पाने असतील तर दोघांच्या जोडीने दिवसाला ३००-४०० पाने धरावीत. प्रस्तावात हजार लिहिली, तर तिसऱ्या महिन्यातच वेळापत्रक कोसळते.

ठाण्याच्या पावसाळी हवेत कागद प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. आत दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते. आम्लरहित कागद आणि पेट्यांचा खर्च म्हणूनच अंदाजपत्रकात हवा.

बारा महिन्यांच्या, पाच लाखांच्या प्रस्तावाचा नमुना असा : अर्धवेळ सूचीकाराला महिना १५,००० प्रमाणे १,८०,०००, स्कॅनर व संगणक १,४०,०००, साठवणुकीच्या डिस्क २५,०००, पेट्या व कागद ४५,०००, चार कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण ३०,०००, हिशोब व लेखापरीक्षण ५०,०००, आकस्मिक ३०,०००. प्रत्येक वस्तूची तीन दरपत्रके घेऊन हे आकडे बदला. हिशोबाची रक्कम मागायला संस्था उगाच संकोचतात. नीट हिशोब ठेवता येणे हीसुद्धा क्षमताच आहे.

एक सावधगिरी : जतनासाठी स्कॅन करणे आणि ते सर्वांसाठी खुले करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. स्वामित्वहक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे राहतो. तेव्हा खुल्या करायच्या साहित्याची यादी वेगळी काढा.

प्रश्न : आमचे वाचनालय १९८० च्या दशकात नोंदले गेले. अनुदान मंजूर होता होता 'विश्वस्तांची नावे जुळत नाहीत' म्हणून थांबले. आता काय करावे?

छोट्या संस्थांचे प्रस्ताव ज्या कारणांनी अडतात, त्यांतले हे नेहमीचे. निवडणूक होते, नवी कार्यकारिणी काम करू लागते, पण धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद करण्याचा अर्ज, जात नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो द्यायचा असतो. तो न दिल्याने परिशिष्ट-१ च्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या, उताऱ्यावर दिवंगत विश्वस्तांची नावे राहतात आणि बँकेत सह्या भलत्यांच्याच असतात.

ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयातून आधी ताजा उतारा काढा. राहिलेल्या प्रत्येक कार्यकाळाचा बदल अर्ज क्रमाने द्या आणि विलंब माफीचा अर्ज जोडा. मधला कार्यकाळ गाळला की पुढचा अर्ज अडतो. प्रत्येक अर्जासोबत सभेची सूचना, इतिवृत्त, नव्या विश्वस्तांची संमती आणि जुन्यांचे राजीनामे किंवा मृत्यूचे दाखले लागतात. हे काम महिन्यांचे आहे, म्हणून अनुदानाची जाहिरात येण्याची वाट पाहू नका. खारघर-कामोठ्याच्या संस्थांनी लक्षात ठेवावे की पत्त्यात नवी मुंबई असली तरी जिल्हा रायगड आहे, त्यामुळे कार्यालय ठाण्याचे नाही.

शिवाय तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब, पॅन, आणि केंद्राच्या योजनांसाठी एनजीओ दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी नोंदणी संकेतस्थळाचा क्रमांक हाताशी असावा. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू असल्याने १२-ए (संस्थेची करसवलत) आणि ८०-जी (देणगीदाराची करसवलत) ही ओळखीची कलमे नव्या क्रमांकांनी दिसतील. फॉर्म भरण्याआधी सनदी लेखापालाकडून क्रमांक तपासून घ्या.

प्रश्न : महापे येथील एका कंपनीने सांगितले, की ग्रंथालयाचे काम सीएसआरमध्ये (कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या खर्चात) बसत नाही आणि पगारावर पाच टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही. हे खरे आहे का?

दोन्ही चूक. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृतीचे जतन आणि सार्वजनिक ग्रंथालये स्पष्ट नोंदलेली आहेत. पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे. प्रकल्पासाठी नेमलेल्या सूचीकाराचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च. फक्त प्रस्तावात 'संस्थेचा आस्थापना खर्च' असे मोघम लिहू नका. व्यक्तीचे काम, महिने आणि दर लिहा.

तुमच्याकडे सीएसआर-१ चा, म्हणजे असा निधी घेणाऱ्या संस्थांनी भरायच्या फॉर्मचा, नोंदणी क्रमांक हवा, तो नसेल तर पुढचे बोलणे व्यर्थ. कायदा कंपनीला आपल्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो. म्हणून ठाणे-बेलापूर पट्टा आणि वागळे इस्टेटमधल्या कंपन्यांकडे आधी जा. वर्षाचे नियोजन चालू असताना गेलेले बरे. मार्चमध्ये मिळालेला उरलासुरला पैसा घाईत खर्चावा लागतो आणि त्यातून वस्तू येतात, माणूस नेमला जात नाही.

प्रश्न : अमेरिकेतील एक निधी आमच्या आगरी बोलीच्या ध्वनिमुद्रण प्रकल्पाला पैसे द्यायला तयार आहे. थेट खात्यात घेता येतील का?

नाही. परकीय योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षे जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मुख्य कामावर निदान १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. तेवढी उलाढाल नसेल तर देणाऱ्याचे 'एवढी रक्कम देऊ' असे हमीचे पत्र जोडून विशिष्ट रकमेसाठी पूर्वपरवानगी मागा. दोन्ही मार्गांत पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येतात. दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेमार्फत वळवून घेण्याची वाट २०२० च्या दुरुस्तीने बंद झाली आहे, तसा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी मात्र परकीय योगदान ठरत नाही. पासपोर्टची प्रत त्या पावतीला जोडून ठेवा.