पत्र्याच्या घरात वृद्धांसह उन्हाळा कसा काढावा?

पत्र्याच्या दोन खोल्यांत वृद्ध आई-वडिलांसह उन्हाळा कसा काढावा आणि कूलर घ्यावा का, असे आपण विचारले आहे. मी परभणीत पत्र्याच्याच घरात राहतो. माझे स्पष्ट मत असे की, पहिला पैसा कूलरवर नव्हे, छतावर खर्च करावा.

आपल्या मराठवाड्यातील माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरे गार राहत, कारण मातीच्या जाड थरातून धग आत उतरेपर्यंत दिवस कलत असे. १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या अशाच जड घरांखाली माणसे दबली, त्यामुळे पुष्कळांनी माळवद सोडले आणि ते योग्यच झाले. परंतु पत्रा ऊन चढताच तापतो आणि सगळी धग थेट डोक्यावर टाकतो. म्हणून पत्र्याला बाहेरून पांढरा उष्णतारोधक रंग द्यावा (स्लॅबला चुन्याचे दोन हात चालतात, पत्र्यावर चुना नीट धरत नाही) आणि आतून वीतभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्या बांधाव्यात. मधली गरम हवा निघून जाण्यासाठी त्या पोकळीची दोन्ही टोके उघडी ठेवावीत. पत्र्यावर कडबा किंवा तुराट्या पसरल्यानेही फरक पडतो, पण जवळून विजेची तार किंवा चुलीचे धुराडे जात असेल तर तो मोह टाळावा.

कूलर आपल्या कोरड्या हवेत चांगला चालतो, मात्र खिडकी उघडी हवी आणि टँकरच्या दिवसांत पाण्याचाही हिशेब हवा. हवा ४० अंशांच्या वर गेल्यावर नुसता पंखा गरम वाराच मारतो. अशा वेळी ओला पिळलेला पंचा मानेवर आणि छातीवर ठेवावा.

वृद्धांना तहान कमी जाणवते, म्हणून मागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी किंवा ताक देत राहावे; हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारावे. अंग तापून माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजून १०८ क्रमांकावर फोन करावा आणि गाडी येईपर्यंत सावलीत अंगावर पाणी टाकून वारा घालत राहावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी मुळीच घालू नये.

एकट्याने हे निभत नाही. शाळा किंवा समाजमंदिर दुपारी बारा ते चार उघडे राहील, तेथे पिण्याचे पाणी भरलेले असेल आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या दारी रोज कोणीतरी डोकावेल, एवढी मागणी ग्रामपंचायतीकडे किंवा नगरसेवकाकडे आताच करावी. किल्ली कोणाकडे राहील, हेही त्याच वेळी ठरवून घ्यावे.