प्रोटेक्टेड रँकिंगचा अर्ज: फिट होईपर्यंत थांबू नका

तुमच्या टेनिस खेळणाऱ्या धाकट्या भावाच्या खांद्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टर सात-आठ महिने म्हणताहेत आणि "परत खेळायला लागला की प्रोटेक्टेड रँकिंगचं बघू" असं त्याला कुणीतरी सांगितलंय, हे वाचून राहवलं नाही. (प्रोटेक्टेड रँकिंग म्हणजे दुखापतीच्या वेळचं रँकिंग राखून, परतल्यावर त्यावर स्पर्धांत प्रवेश देण्याची सोय.) माझा गुडघा गेला तेव्हा मलाही हेच ऐकवलं होतं, शब्दसुद्धा जवळपास हेच. रिहॅबचं त्याचा फिजिओ बघेल. मी फक्त कागदांबद्दल बोलतो.

एटीपीच्या, म्हणजे पुरुषांची व्यावसायिक टूर चालवणाऱ्या संघटनेच्या, नियमाला दोन बाजू आहेत. दुखापतीमुळे किमान ६ महिने कुठेच न खेळलेल्याला हे रँकिंग मिळतं, ही सगळ्यांना ठाऊक असते. लेखी अर्ज शेवटच्या स्पर्धेपासून ६ महिन्यांच्या आत पोचला पाहिजे, ही कुणी सांगत नाही. म्हणजे अर्ज करायचा तो हात गळ्यात असतानाच.

आमचे कागद ज्या कार्यालयातून जायचे, तिथल्या साहेबांच्या गावीही हे नव्हतं. आधी "हे मोठ्या खेळाडूंसाठी असतं" झालं. मग एमआरआयच्या रिपोर्टवर सर्जनची सही आहे, पण शिक्का नाही. शिक्का आणला, तर फाइल ज्यांच्या कपाटात ते ज्युनियर संघाबरोबर परदेशी. फाइल हलली तोवर मुदत टळून गेली होती, आणि नकार आलाय हेसुद्धा मलाच खोदून खोदून विचारावं लागलं. वर "फिट झालात ना, मग खेळा की!" गुण ५२ आठवडेच टिकतात, त्यामुळे चारशेच्या आसपासचं रँकिंग तोवर पार धुऊन निघालं होतं. परतलो तो थेट एम-१५ या सगळ्यात खालच्या स्तरावरच्या स्पर्धेच्या क्वालिफाइंगला (पात्रता फेरीला), तेही अल्टरनेट, म्हणजे कुणी गळालं तरच खेळणारा राखीव म्हणून. सकाळी जाऊन सही करायची, ग्रिप गुंडाळत रेफरीच्या टेबलापाशी बसायचं आणि कुणाचं पोट बिघडतंय का याची वाट बघायची. अजून आठवलं की डोकं फिरतं. असो.

तर भावाला सांगा, ईमेल त्याने स्वतः, थेट एटीपीला करावा, सोबत वैद्यकीय कागद जोडून. मधे कुणालाही घालू नका, कितीही गोड बोलला तरी. आणि 'कुठेच न खेळता' म्हणजे खरोखर कुठेच नाही. हात मोकळा करायला एखादा प्रदर्शनी सामना किंवा क्लबची मॅच, काहीही नको.

मिळणारा आकडा म्हणजे दुखापतीनंतरच्या पहिल्या ३ महिन्यांतल्या रँकिंगची सरासरी. तो ९ स्पर्धांना किंवा ९ महिने चालतो, आणि १२ महिने किंवा जास्त बाहेर राहिलात तर १२ स्पर्धा, १२ महिने. एकेरी-दुहेरीच्या स्पर्धा वेगळ्या मोजतात. माझं मत विचाराल तर, दहा-अकरा महिने झालेच असतील तर आणखी थोडं थांबून बारा भरू द्यावेत. कारण पहिली मॅच खेळलात की महिन्यांचं घड्याळ सुरू. बऱ्याच कोचना हे पटत नाही, आणि शेवटचा शब्द अर्थातच सर्जनचा.

याने फक्त प्रवेश मिळतो, सीडिंग म्हणजे मानांकन नाही. अर्जेंटिनाचा डेल पोट्रो मनगटाच्या ऑपरेशन्समधून २०१६ मध्ये परतला तेव्हा त्याचं प्रोटेक्टेड रँकिंग ७ होतं, तरी विम्बल्डनला तो बिनमानांकित होता आणि दुसऱ्याच फेरीत चौथा मानांकित वावरिंका समोर आला. त्याने त्यालाही हरवलं, पण तो डेल पोट्रो. आपल्यासारख्यांनी ड्रॉ बघून रडायचं नाही एवढं आधीच ठरवून ठेवावं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण खांदा आहे म्हणून सांगतो. १ जानेवारी २०२२ पासून सूज उतरवणाऱ्या (कॉर्टिसोनसारख्या) स्टेरॉइडचं कुठलंही इंजेक्शन, अगदी सांध्यात दिलेलंही, स्पर्धेदरम्यान बंदीखाली येतं, आणि २०२४ पासून ट्रमाडॉल हे वेदनाशामकही. इंजेक्शनचा अंश काही दिवस शरीरात राहतो, तो काळ औषधानुसार बदलतो. भरती वॉर्डमधल्या डॉक्टरला हे माहीत असेलच असं नाही, तेव्हा प्रत्येक औषधाचं नाव लिहून घ्या.

हे सगळं पुरुषांच्या टूरचं. महिलांच्या टूरचं, म्हणजे डब्ल्यूटीएचं, स्पेशल रँकिंग वेगळ्या नियमांनी चालतं. नियमपुस्तक दरवर्षी बदलतं, तेव्हा माझ्यावर विसंबू नका, यंदाचं उघडून हे कलम वाचा. आणि त्याची शेवटची स्पर्धा नक्की कोणत्या तारखेला झाली ते इथे लिहा, मुदत किती उरली ते लगेच बघू.