बेअरिंग नवं, आवाज जुनाच

प्रश्न: सर, पुढच्या डाव्या चाकातून घूंघूं आवाज यायचा म्हणून हबचं (चाक ज्यावर बसतं त्या भागाचं) बेअरिंग बदलून घेतलं. थोडे दिवस गाडी एकदम शांत होती, आता परत तोच आवाज सुरू झालाय. शिवाय बेअरिंग बसवल्या दिवसापासून एबीएसचा (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागलेला आहे तो वेगळाच. मेकॅनिक म्हणतो पार्ट डुप्लिकेट निघाला. खरंच तसं असेल का?

उत्तर: असू शकतं, पण आवाज आणि दिवा दोन्ही एकदम म्हटल्यावर मला आधी फिटिंगवर संशय येतो. दिव्याचं बघा, प्रेसने (दाबयंत्राने) बसवायच्या बऱ्याच बेअरिंगमध्ये एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते आणि एबीएसचा सेन्सर तीच वाचतो, त्यामुळे ती बाजू सेन्सरकडेच आली पाहिजे. बेअरिंग उलटं बसलं तरी चाक मस्त फिरतं, कुणाला शंकाही येत नाही, फक्त सेन्सरला काही कळत नाही आणि दिवा लागतो. बसवायच्या आधी सीलला साधी कागदाची पिन लावून बघायची, जिकडे ओढली जाईल ती पट्टीची बाजू. अर्थात काम करताना सेन्सरची वायर ताणली गेली असेल तरी दिवा लागतोच, तेही तपासायला सांगा.

आता आवाज. बेअरिंगला दोन रिंगा, बाहेरची आणि आतली, मध्ये गोळ्या. नकलमध्ये, म्हणजे बेअरिंग ज्या भोकात बसतं त्या लोखंडी भागात, बेअरिंग दाबताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर द्यायचा, आणि मग हब दाबताना मागून आतल्या रिंगला आधार द्यायचा. उलटं केलं की सगळा जोर गोळ्यांमधून जातो आणि रिंगच्या गुळगुळीत पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात, जे वरून बघून कधीच दिसत नाहीत. गाडी काही दिवस गप्प राहते आणि मग घूंघूं सुरू! हातोड्याने ठोकून बसवलं असेल तर बोलायलाच नको. ‘प्रेस नव्हता म्हणून हळूच ठोकलं’ हे ऐकलं की मी तरी ते बेअरिंग गेलंच असं धरून चालतो.

अजून एक गोष्ट, जी घाईत हमखास राहते, ती म्हणजे एक्सलचा मोठा नट. बऱ्याच गाड्यांत आतली रिंग दोन तुकड्यांची असते आणि ते दोन तुकडे योग्य दाबाने एकत्र धरायचं काम हा नट करतो, म्हणून तो गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कलाच (आवळायच्या ठरलेल्या जोरालाच), टॉर्क रेंचने आवळायचा, एअर गनने ‘टर्रर्र’ करून सोडून द्यायचा नाही. आणि तो आवळल्याशिवाय गाडीचं वजन त्या चाकावर टेकवायचं नाही, ढकलून बाजूला घ्यायचीही नाही. जिथे नटाची कड ठोकून लॉक करतात तिथे नट नवाच हवा.

परत उघडाल तेव्हा नकलचं भोक नीट बघा. गंज असेल तर साफ करायचा, पण जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग आत फिरून भोक झिजलं असेल तर कितीही भारी बेअरिंग टाका, टिकणार नाही, नकलच बदलावी लागते. हब काढताना जुन्या रिंगचा अर्धा भाग बहुतेक वेळा हबवरच अडकून राहतो, तो ग्राइंडरने कापताना हबला चर पडला तर हबही गेला. आणि हो, एकदा हब बाहेर ओढला की ते बेअरिंग परत वापरायचं नसतं.

प्रश्न: आवाज येतो पण कुठल्या बाजूचा तेच कळत नाही. टायरचा तर नसेल?

उत्तर: रस्ता बदलला की आवाज बदलतो, म्हणजे गुळगुळीत रस्त्यावर कमी आणि खरखरीत रस्त्यावर जास्त, तर बहुतेक टायर. पुढचे टायर मागे टाकून बघा, आवाजही मागे गेला तर विषय संपला. बेअरिंगचा आवाज वजनावर बदलतो. मोकळ्या रस्त्यावर लांबलचक डावं वळण घेताना वजन उजव्या चाकांवर येतं, तेव्हा आवाज वाढला तर उजवीकडचं बेअरिंग आधी तपासा. हे दर वेळी बरोबर निघेलच असं नाही, म्हणून पुढे गाडी जॅकवर घेऊन खाली स्टँड लावायचा आणि चाक हाताने फिरवताना दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायचा, खराब बेअरिंगची खरखर हाताला जाणवते. मग चाक वर-खाली धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा, दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर सस्पेन्शनचा बॉल जॉइंट वगैरे बघा.

प्रश्न: नुसतं ग्रीस भरून काम होईल का?

उत्तर: नाही. हल्लीच्या गाड्यांत पुढे सीलबंद बेअरिंग असतं, सील उचकटून ग्रीस भरलं तरी झिजलेल्या रिंगा काही भरून येत नाहीत. नुसती घूंघूं असेल तर गॅरेजपर्यंत सावकाश न्या, पण चाकात प्ले असेल किंवा कर्रकर्र ऐकू येत असेल तर गाडी टो करूनच न्यायची.