पत्नी मला ओळखतच नाही, तर लग्नाची शपथ उरते का?

तुमच्या पत्नीला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे, ती तुम्हाला ओळखेनाशी झालीय, आणि मंडळीतलंच कोणी म्हणतंय, "ती गेल्यातच जमा आहे, दुसरं लग्न कर, पाप लागणार नाही." ख्रिस्ती माणसानं काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

शपथ उरते. आम्ही नगरचे; माझ्या नवऱ्यालाही हाच आजार आहे आणि त्यांचं सगळं मीच करते, म्हणून इतकं ठामपणे लिहितेय.

तुम्हाला मिळालेला सल्ला नवा नाही. अमेरिकेतले टीव्हीवरचे धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन यांनी 2011 मध्ये हेच सांगितलं होतं: अल्झायमर (डिमेन्शियाचाच एक प्रकार) म्हणजे एक प्रकारचं मरणच, तेव्हा बायकोच्या देखभालीची सोय लावून घटस्फोट घ्यावा. तिथल्याच कितीतरी ख्रिस्ती पुढाऱ्यांनी त्याला कडाडून विरोध केला. आपल्याकडे कायदाही वाट देतो. 1869 च्या घटस्फोट कायद्यात 2001 ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून जोडीदाराचं मन सलग दोन वर्षं असाध्यपणे बिघडलेलं असेल तर अर्ज करता येतो. पण वेदीपुढे आपण मरणापर्यंतचं वचन दिलं. जेवण मागणाऱ्या, थंडी वाजली की कुडकुडणाऱ्या माणसाला मेलेलं कसं म्हणायचं?

त्याच अमेरिकेत रॉबर्टसन मॅकक्विल्किन नावाचे गृहस्थ होते, साउथ कॅरोलायनातल्या बायबल कॉलेजचे अध्यक्ष. पत्नी म्युरिएल यांना अल्झायमर झाला. ते जवळ नसले की त्या कासावीस व्हायच्या. 1990 मध्ये त्यांनी पद सोडलं आणि 2003 मध्ये त्या जाईपर्यंत त्यांची सेवा केली. तिनं जवळपास चाळीस वर्षं माझं केलं, आता माझी पाळी, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांना त्यात ओझं वाटत नव्हतं. मला मात्र पुष्कळदा वाटतं, आणि प्रार्थनेत ते मी प्रभूला स्पष्ट सांगते.

आमच्याकडे दिवेलागणीला हे चपला घालून दारात उभे राहतात. "घरी जायचंय, आई वाट बघत असेल." आई जाऊन किती वर्षं झाली! मी वाद घालत नाही. "चला, सोडते तुम्हाला," म्हणते, हात धरून कॉलनीला एक फेरी मारते, आणि आपल्याच फाटकाशी आलं की ते निवांत आत येतात. मला ते "ताई" म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काळजात कळ आली. आता ताई तर ताई. बायबलमधल्या यशयात (49:15) देव म्हणतो, आई एकवेळ तान्ह्या बाळाला विसरेल, पण मी तुला विसरणार नाही. ह्यांना काहीच आठवत नसलं तरी देवाला हे आठवतात, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

फक्त शपथ पाळायची म्हणजे सगळं एकट्यानं उपसायचं, असं मुळीच नाही. तिच्या देखभालीला बाई ठेवा, डे केअरला पाठवा. पुढे रात्रंदिवसाची शुश्रूषा घरी झेपेनाशी झाली तर केंद्रात ठेवा आणि रोज भेटायला जा. तरीही तुम्ही नवराच राहता. ज्यांनी दुसऱ्या लग्नाचा सल्ला दिला, त्यांनाच रविवारी सांगा की उपासनेच्या वेळी दोन तास तिच्यापाशी बसा, म्हणजे मला प्रभुभोजन घेता येईल. पाळकसाहेबांकडेही हे मागा. आणि ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन 14567 आहे. तुमच्या भागात कोणती सोय आहे ते तिथं विचारा.