मडकं आधी काढा

पावसाळा लागला की पाळीव पक्ष्यांच्या आमच्या या सदराच्या टपालात अंडी वाढतात. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्मी अंड्यांचीच. त्यातलं एक, आणि वेगळ्या विषयांची तीन.

आमच्याकडे लव्हबर्ड्सची जोडी आहे. दुकानदारानं दिलेलं मडकं पिंजऱ्यात बांधलंय. पाडव्यापासून मादीनं तिसऱ्यांदा अंडी घातली. आधीची सात पिल्लं त्याच पिंजऱ्यात आहेत. मादी फार रोडावली आहे. तिला काय खायला घालू? फोटो सोबत आहे.
— अ. दे., कोथरूड

ताई, खाण्याचं नंतर बघू. मडकं आधी काढा. आजच.

फोटोतले पक्षी लव्हबर्ड नाहीत, बजी आहेत, म्हणजे बजरीगर. पुण्यात सगळेच त्यांना लव्हबर्ड म्हणतात, दुकानदारसुद्धा. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. बजी ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या माळरानावरचा. हा फरक मी उगाच उगाळत नाही, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या माळातच आहे. तिथं पाऊस केव्हा येईल याचा नेम नसतो. तो पडला, गवताला बी धरलं की थवेच्या थवे झाडांच्या ढोलीत अंडी घालायला बसतात, आणि दाणा संपला की पुढं निघून जातात. वीण थांबवायची ती दुष्काळानं. तुमच्या पिंजऱ्यात दुष्काळ कधी येतच नाही. वाटी भरलेली, ढोलीसारखं मडकं टांगलेलं, रात्री अकरापर्यंत हॉलचा दिवा चालू, बाहेर पावसाचा आवाज. ती बिचारी समजते, हंगाम अजून चालूच आहे.

ती एक दिवसाआड एक अशी चार ते सहा अंडी घालते. एकेक अंडं साधारण अठरा दिवसांनी फुटतं, आणि पिल्लू मडक्याबाहेर यायला आणखी महिना-सव्वा महिना. जेमतेम तीस-चाळीस ग्रॅमचा जीव हो तो. तीन खेपा म्हणजे अंगातला चुना पार खरवडून काढल्यासारखं.

आता क्रम असा ठेवा. मडक्यात पिल्लं नसतील, नुसती अंडीच असतील, तर अंडी आणि मडकं एकदमच काढा. नुसती अंडी काढलीत तर ती पुन्हा घालेल, उलट जास्तच. पिल्लं असतील तर ती बाहेर येऊन स्वतः दाणे सोलायला लागेपर्यंत थांबा, आणि त्याच संध्याकाळी मडकं माळ्यावर टाका. ‘मग झोपतील कुठं?’ हे मला हमखास विचारलं जातं. दांडीवर. बजी झोपायला मडक्यात जात नाही. मोठी झालेली सात पिल्लं आता नर एका पिंजऱ्यात, माद्या दुसऱ्या, अशी वेगळी करा. बहीणभावांच्या जोड्या लागायला फार दिवस लागत नाहीत. सातच्या सुमाराला पिंजऱ्यावर सुती कापड टाका. उकडलेलं अंडं, भिजवलेले दाणे काही महिने बंद.

खाण्याचं विचारलंत ते आता सांगते. राळे, वरी, थोडी बाजरी. सूर्यफुलाच्या बिया नकोत, त्या चरबीच वाढवतात. रोज कोथिंबीर किंवा मेथीची एक ओली काडी, गाजराचा कीस. आणि पिंजऱ्याच्या तारेला समुद्रफेनाचा तुकडा बांधा. दुकानात तो ‘कटल बोन’ म्हणून मिळतो. मी काष्टौषधीवाल्याकडूनच आणते. वस्तू तीच, म्हाकूळाच्या जातीतल्या प्राण्याच्या पाठीचं हाड. मादी तो कशी खाते ते पाहण्यासारखं असतं: चोच आडवी करून किसणीवर नारळ ओढावा तसं करकर ओढते, आणि खाली पिठीचा पांढरा ढीग पडतो.

एवढं करूनही ती पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसली, शेपटी श्वासाबरोबर वरखाली व्हायला लागली, तर अंडं अडकलं असं समजा. पोट दाबून काढायला जाऊ नका, आत फुटलं तर ती हातची जाते. छोट्या खोक्यात, दिव्याच्या उबेत ठेवून त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे. ‘सकाळी नेऊ’ असं नको.

धायरीला आमचं छोटं घर आहे, मागं अंगण. तिथं मोठा पिंजरा बांधून गुलाबी बर्क पोपटांची जोडी आणि काही बजी ठेवायचेत. जाळी कोणती घ्यावी? परवाना लागतो का?
— सु. का., धायरी

जाळीवर मी पानभर लिहू शकते, कारण ते शिक्षण मला महागात पडलंय. भूगावला माझ्या भावाच्या अंगणात आम्ही पिंजरा बांधला तेव्हा स्वस्त पडते म्हणून इंचभर भोकाची जाळी लावली. दुसऱ्याच पावसाळ्यात एका सकाळी दाण्याची वाटी बदलायला गेले, तर कोपऱ्यात विटांच्या मागं पाण्याचा पाइप गुंडाळून ठेवल्यासारखा दिसला. आम्ही पाइप तिथं ठेवत नाही. तो साप होता, अंगठ्याएवढ्या जाडीचा, आणि मधे दोन ठिकाणी फुगलेला. आत आला तेव्हा भोकातून आरामात आला होता. दोन पक्षी पोटात गेल्यावर त्याला बाहेर पडता येईना. सर्पमित्र आला, शांतपणे त्याला पिशवीत घेतलं, आणि जाता जाता जाळीवर बोट ठेवून म्हणाला, ‘काकू, याच्यात माझं बोट जातंय.’ तेवढंच म्हणाला.

तेव्हा अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्या. त्यातूनही उंदराचं पिल्लू शिरतं, म्हणून खालच्या दोन फुटांना त्याहून बारीक. बाजूंना दुहेरी जाळी लावा, दोन्हींत तीन-चार बोटं अंतर. शिक्रा जाळीला लटकतो आणि आत लटकलेल्या पक्ष्याचा पाय बाहेरून ओढतो. मांजरही तेच करतं. नव्या जाळीवर जस्ताचे कण असतात आणि हे पक्षी तारा चघळतात, म्हणून उभारण्याआधी व्हिनेगर आणि ब्रशनं घासून स्वच्छ धुवा, मग आठवडाभर उन्हात.

आकार लांबट हवा. उंच मनोरे पोपटवर्गाला कामाचे नाहीत, ते आडवे उडतात. दहा फूट लांब, चार रुंद, तुम्ही ताठ उभे राहाल इतका उंच. पश्चिमेची बाजू पत्र्यानं पूर्ण बंद करा, आपला पाऊस तिकडूनच मारतो. वरही निम्मं छप्पर, म्हणजे कबुतरांची घाण आत पडणार नाही. आणि दाराआधी आणखी एक छोटं दार, मधे माणूस मावेल एवढी जागा. हे दुसरं दार सगळे ‘नंतर करू’ म्हणून सोडतात आणि पहिला पक्षी उडाल्यावर करतात.

जमिनीला माती ठेवू नका, उतार काढून कोबा करा. बर्क जमिनीवर फिरून दाणे टिपतो. ओल्या मातीत जंतांची अंडी महिनोन्महिने राहतात. बर्कही ऑस्ट्रेलियातलाच, त्याचं मूळ घर मल्गा नावाच्या झुडपांचं रान, आपल्या बाभळीच्या गोतातलं. (नाव वाचून हसू नका, मुलग्याशी काही संबंध नाही.) हा पक्षी दिवसभर गुमान बसतो आणि दिवेलागणीला जागा होतो, तेव्हा त्याच्यासाठी संध्याकाळी ताटकळण्याची तयारी ठेवा. आवाज अगदी मऊ. गुलाबी रंग हा पाळलेल्या पक्ष्यांतला. रानातला बर्क तपकिरी, पोटाशी गुलाबी. मात्र बजींबरोबर तो ठेवू नका. बजी दिसायला लहान पण दांडगट, बर्कला वाटीजवळ फिरकू देत नाहीत. मधे भिंत घाला, नाहीतर एकच जात निवडा.

परवान्याचं थोडक्यात. आपला साधा हिरवा पोपट, राघू, पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. कुणी अंगणातल्या पिंजऱ्यासाठी ‘देऊ का’ म्हटलं तरी घेऊ नका. बजी परदेशी, आणि वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या ‘साइट्स’ (CITES) कराराच्या यादीतूनही वगळलेला. बर्क त्या यादीत आहे, म्हणून २०२४च्या नियमांप्रमाणे त्याची सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करावी लागते. विकणाऱ्याकडून लेखी पावती घ्या. पावती देत नसेल तर पक्षीही घेऊ नका.

बाणेरला अकराव्या मजल्यावर राहतो. दोघंही नोकरीला. एकच बजी घ्यावा म्हणतो, बाल्कनीत जाळी आहेच. चालेल?
— म. जो., बाणेर

एकच नको. दिवसभर रिकाम्या फ्लॅटमध्ये थव्यातला पक्षी म्हणजे शिक्षा. दोन नर घ्या, गुण्यागोविंदानं राहतात आणि वरच्या ताईंसारखं पत्र लिहायची वेळ येत नाही. पिंजरा निदान अडीच फूट लांब, गोल अजिबात नको. बाल्कनीची जाळी कबुतरांसाठी असते, एप्रिलच्या उन्हासाठी नाही. पश्चिमेची बाल्कनी दुपारी भट्टी होते. हॉलमध्ये, एक बाजू भिंतीला टेकवून, नजरेच्या उंचीवर ठेवा. आतल्या प्लॅस्टिकच्या दांड्या काढून पेरूच्या फांद्या बसवा, जाडबारीक. सोडताना पंखा बंद.

आणि स्वयंपाकघरापासून लांब. नॉनस्टिक तवा रिकामाच गॅसवर राहिला आणि फार तापला तर त्याची वाफ माणसाला कळतही नाही, पक्षी मात्र काही मिनिटांत दांडीवरून खाली पडतो. मी माझा डोशाचा तवा बिडाचा केला त्याला आता पंधरा वर्षं झाली. चवही बरी येते, तो भाग वेगळा.

आजी, माझा बजी बोलेल का? त्याचं नाक निळं आहे. मी चौथीत आहे.
— ओ., सहकारनगर

निळं नाक म्हणजे बहुतेक नर, आणि नर जास्त बोलतात, म्हणजे तुझं नशीब बरं आहे. कॅलिफोर्नियातल्या पक नावाच्या बजीला १,७२८ शब्द येत होते अशी गिनीज बुकात नोंद आहे. एवढी अपेक्षा धरू नकोस, तुझे स्वतःचे किती आहेत ते आधी मोज. रोज सकाळी, टीव्ही बंद असताना, एकच शब्द म्हण. पण काय उचलायचं ते तो ठरवतो. मी महिनाभर ‘विठ्ठल विठ्ठल’ शिकवत होते. आमच्यानं उचललं ते ‘अगं, चष्मा कुठंय?’ आणि तेही आमच्या ह्यांच्या आवाजात.