खाडीखालचा फॉल्ट ॲक्टिव्ह आहे का, हे सर्व्हे करून कळेल का?

तुमच्या सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, ठाणे खाडीखाली ‘ॲक्टिव्ह फॉल्ट’ आहे, म्हणजे खडक जिथे सरकलाय आणि अजूनही सरकू शकतो अशी भेग; वर्गणी काढून सर्व्हे करून घेऊ. माझं मत विचाराल तर वर्गणी काढू नका.

मी काही वर्षं ठाणे-रायगड पट्ट्यात भूभौतिक सर्व्हे केलेत. सर्वांत साधी पद्धत म्हणजे जमिनीत ओळीनं सळया ठोकायच्या, दोन सळयांतून वीज सोडायची आणि बाकीच्यांवर व्होल्टेज मोजायचं. आपला काळा कातळ सलग असेल तर वीज जायला अडते. खडक भरडलेला असेल, भेगांत पाणी असेल, तर सहज जाते. फॉल्टच्या जागी बहुतेकदा असा भरडलेला पट्टा असतो, त्यामुळे मोजमापांच्या चित्रात उभी निळी पट्टी (निळं म्हणजे वीज सहज जाते ती जागा) उमटली की आमची स्वारी खूश.

खाडीकाठी एकदा अशीच झकास पट्टी मिळाली. दोन दिवस आम्ही हवेत! तिसऱ्या दिवशी तीच ओळ भरतीला मोजली तर पट्टी जाड झालेली, ओहोटीला पुन्हा बारीक. खारं पाणी आत-बाहेर करत होतं. त्याखाली फॉल्ट असेलही, पण आमच्या चित्रात होती ती भरती-ओहोटी.

शहरात बाकीच्या पद्धतींचेही हालच. जमिनीचं चुंबकत्व मोजायला जावं, तर आसपासची वीज मोजमाप बिघडवते: कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेचं काम विजेवरच्या ट्राम येणार म्हणून अलिबागला न्यावं लागलं. तिथल्या नोंदी १९०४ पासूनच्या. आता तर लोकल आहेत, मेट्रो आहे.

समजा, फॉल्ट सापडलाच. तो ‘ॲक्टिव्ह’ आहे कशावरून? आपला कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याचे थर वरखाली सरकलेले दिसले, तरी ते कधी सरकले हे सळया सांगत नाहीत. त्यासाठी वरची ताजी माती कापली गेलीय का, ते चर खणून बघायला लागतं, आणि मुंबईत ती माती भरावाखाली नाहीतर इमारतीखाली. दुसरा मार्ग म्हणजे बारीक धक्क्यांची वर्षानुवर्षं नोंद ठेवणं. कोयनेत ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर तेच चाललंय. तिथे विमानातून गुरुत्वाकर्षण मोजून झालं, बाकीचे सर्व्हे झाले, तरी शेवटी गोठणे इथे सुमारे तीन किलोमीटरचं बोअर मारावंच लागलं. सव्वा किलोमीटर कातळ, मग ग्रॅनाइट. हे सोसायटीच्या वर्गणीचं काम नव्हे.

त्यापेक्षा बिल्डरकडे सॉइल रिपोर्ट मागा. कातळ किती खोल लागला, वर भराव आणि खाडीचा चिखल किती, पाया कशावर टेकणार, हे त्यात असतं. मऊ चिखलात हादरा वाढतो, मग भूकंप कुठल्याही फॉल्टवरचा असो. रिपोर्टमध्ये बोअर एकच दिसला, तर मात्र पुढच्या मीटिंगमध्ये भांडा.